बोट दाखवायचे की नाव घ्यायचे? संगणक सांभाळण्याच्या दोन रीती

आजचा विषय पत्रिकेवर ‘कमांड लाइन की ग्राफिकल साधने’ असा छापला आहे. नाव जड वाटते, पण गोष्ट रोजची आहे. जे हे व्याख्यान नंतर वाचणार आहेत त्यांना एकच सूचना: कमांड आम्ही बोलताना जशा उच्चारल्या तशाच इथे देवनागरीत उतरवल्या आहेत. संगणकावर टंकताना अर्थातच त्या इंग्रजीत टंकायच्या.

आधी किराणा दुकानात जाऊ. आपल्याकडच्या जुन्या दुकानात मध्ये फळी असते आणि फळीपलीकडे दुकानदार. आपण नाव घ्यायचे, त्याने माल काढून द्यायचा. दोन किलो साखर, पाव किलो तूरडाळ, काड्यापेटी. ज्या वस्तूचे नाव आपल्याला येत नाही ती मिळत नाही. आता नाशिकच्या मोठ्या मॉलमध्ये जा. तिथे नाव यायची गरज नाही. मांडण्यांमधून फिरायचे, दिसेल ते उचलायचे, आणि घरी आल्यावर हे कशाला आणले म्हणून बोलणी खायची. तेव्हा मॉल सोपा, हे कबूल. पण फळीच्या दुकानाची एक सोय आहे. महिन्याची यादी कागदावर लिहून पोराच्या हाती पाठवता येते. पुढच्या महिन्यात तीच यादी पुन्हा चालते. शेजारणीला हवी असेल तर तिलाही उतरवून देता येते.

कमांड लाइन म्हणजे फळीचे दुकान आणि चित्रांचा पडदा म्हणजे मॉल. एकीकडे नाव घ्यायचे, दुसरीकडे बोट दाखवायचे. कमांड ही लिहून ठेवता येते, आणि बाकीचे सगळे फायदे-तोटे बहुतांशी या एका गोष्टीतून निघतात. म्हणून आज आम्ही तिच्याच मागे लागणार आहोत.

आता एक गैरसमज. काळ्या खिडकीत अक्षरे टंकणे हे जुन्या काळचे आणि माउस हा नव्या काळाचा, असे बहुतेकांना वाटते. तारखा बघा. डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, खिडक्या आणि पडद्यावरचे दुवे लोकांसमोर चालवून दाखवले ते ९ डिसेंबर १९६८ रोजी. ज्या युनिक्सपासून आजच्या कमांडची बरीचशी रीत आली, त्याचे काम बेल लॅब्जमध्ये सुरू झाले १९६९ साली. म्हणजे दोन्ही भावंडे एकाच वयाची. लोकप्रदर्शनात तर माउस पुढे. फक्त माउसवाले संगणक स्वस्त होऊन घराघरांत यायला १९८४ चे मॅकिंटॉश आणि १९८५ नंतरचे विंडोज उजाडावे लागले. आणि उलटही बघा. ज्या मायक्रोसॉफ्टने जगाला खिडक्यांची सवय लावली, त्याच कंपनीने २००६ साली पॉवरशेल ही नवी कमांडची भाषा काढली. २००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये तर चित्रांचा पडदा जवळजवळ नसलेला एक प्रकारच विकायला ठेवला. शेकडो सर्व्हर सांभाळणाऱ्याला प्रत्येकासमोर बसून टिचक्या मारणे परवडत नाही, हे त्यांना कळले होते.

आपल्याकडे मात्र संगणक शिकणे म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणे असे रूढ झाले. एमकेसीएल २००१ साली स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीने तालुक्या-तालुक्यांत लाखो मुलांच्या हातात माउस दिला. ते काम मोठे आहे, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्या शिक्षणाने संगणक वापरणारे तयार झाले. सांभाळणारे फार थोडे. वापरणारा पेठेत आणि सांभाळणारा नाशकात, अशी वाटणी झाली. मध्ये सावळ घाट आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटर रस्ता. श्रावणात इथे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. संगणक बिघडला की चार दिवस मेकॅनिकची वाट बघायची, आणि तो आल्यावर दोन मिनिटांत काहीतरी करून जातो. काय केले ते कोणालाच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा वाट बघायची.

मग फोनवरून विचारायचे ठरते. हा प्रकार तुम्ही सर्वांनी अनुभवलाय. पलीकडचा म्हणतो, उजवीकडे खाली छोटा बाण दिसतो का? नाही दिसत. बरं, स्टार्ट बटणावर जा, डाव्या कोपऱ्यात. डाव्या कोपऱ्यात नाही हो, मध्ये आहे. कारण २०२१ मध्ये विंडोज ११ आले आणि स्टार्ट बटण मधोमध येऊन बसले. उजव्या टिचकीचा मेनू बदलला. कंट्रोल पॅनेलमधली एकेक गोष्ट सेटिंग्जमध्ये हलवण्याचे काम तर किती वर्षे चालू आहे. बोट दाखवून शिकलेले ज्ञान पडद्याची मांडणी बदलली की निम्मे वाया जाते. याउलट ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड विंडोज एक्सपीच्या काळात टंकत होतो तशीच आज टंकतो. सगळ्या कमांड अशा अमर आहेत असे मात्र समजू नका. लिनक्समध्ये ‘आयएफकॉन्फिग’ मागे पडून ‘आयपी’ आली, विंडोजमध्ये ‘डब्ल्यूएमआयसी’ निवृत्त होते आहे. तरी कमांड म्हाताऱ्या होतात त्या सावकाश.

एक उदाहरण पूर्ण करून बघू, म्हणजे मुद्दा हाताला लागेल. इंटरनेट बंद आहे. पडद्यावर काय दिसते? पृथ्वीचा गोळा आणि त्यावर फुली. एवढ्यावरून काय बिघडले ते कळते का? दोष घरातल्या वायरीत असेल, खांबावरच्या लाइनमध्ये असेल, नाहीतर भलतीकडेच असेल. फुली सगळ्याला एकच. आता काळी खिडकी उघडा. ‘आयपीकॉन्फिग’ टंका. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून एक आकडा दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तुमच्या घरातल्या राउटरचा पत्ता. आता ‘पिंग’ टंका, एक जागा सोडा, तो आकडा घाला. उत्तर आले नाही तर बिघाड घरात आहे: वायर, वायफाय, राउटर. उत्तर आले तर पुढे जा. ‘पिंग’, जागा, ८.८.८.८. हा गूगलचा एक पत्ता आहे, जगभर तपासणीसाठी वापरतात. इथे उत्तर आले नाही तर बहुतेक लाइनच गेली. कंपनीला फोन करा आणि ठामपणे सांगा की माझा राउटर चालू आहे, तुमच्याकडे बघा. आणि इथेही उत्तर आले, पण ‘पिंग’ करून एखाद्या वेबसाइटचे नाव घातले की तो नावच ओळखत नाही म्हणाला, तर लाइन ठीक आहे. नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. ती सेटिंग बदलून दोन मिनिटांत सुधारते. काही जाळ्यांवर पिंग मुद्दाम अडवलेले असते, तेव्हा ही परीक्षा शंभर टक्के नाही. पण दहापैकी आठ वेळा मेकॅनिकला बोलवायचे की कंपनीला, हे यातून ठरते. शिवाय हे सगळे एका चिठ्ठीवर मावते. चिठ्ठी राउटरला चिकटवून ठेवा.

पलीकडचा माणूस दूरून तुमच्या संगणकात येणार असेल तर दोन रीतींतला फरक आकड्यात मोजता येतो. आजच्या साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. ते झाले वीस लाखांच्या वर. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राचे बासष्ट लाख बाइट होतात. जुन्या अक्षरी पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरे. इंग्रजी असतील तर तितकेच बाइट. तीन हजार पटींपेक्षा जास्त फरक. चित्र पाठवणारे कार्यक्रम ते दाबून, फक्त बदललेला भाग पाठवतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा राहत नाही. तरी मोबाइलची एकच काडी दिसत असताना दूरचा पडदा बघितलाय कधी? माउस हलवा, चहा पिऊन या, मग बाण हलतो. अक्षरे मात्र त्याच काडीवर निमूट जातात. एसएसएच नावाची यासाठीची सुरक्षित रीत १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलेनेन यांनी लिहिली, आणि २०१८ पासून तिचा वापरायचा भाग विंडोज १० मध्ये आयताच येतो. पुण्यात नोकरीला असलेला गावचा मुलगा पेठेतल्या शाळेचा लिनक्स संगणक यातून सांभाळू शकतो. आधी कोणीतरी त्याची वाट करून ठेवलेली असली पाहिजे, हे मात्र खरे. मोबाइलच्या इंटरनेटवर बाहेरून आत यायला सरळ दार नसते.

यापेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट वीज जाण्याची आहे. समजा शाळेचे दहा वर्षांचे फोटो, निकाल, दाखले बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायचे आहेत. नेहमीप्रमाणे सगळे निवडले, कॉपी केले, पेस्ट केले. चाळीस टक्के झाले आणि लाइट गेली. लाइट आल्यावर कुठपर्यंत झाले होते? पुन्हा पहिल्यापासून, मग हे आधीच आहे, बदलू की सोडू, असे प्रश्न. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ‘रोबोकॉपी’ नावाची कमांड आयती असते. रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, मग स्लॅश ई. लाइट गेली तर आल्यावर तीच ओळ पुन्हा चालवायची. जे नीट उतरले आहे ते ती सोडून देते, राहिलेले उचलते. स्लॅश झेड जोडले तर अर्धवट राहिलेली मोठी फाइलसुद्धा जिथे तुटली तिथून पुढे नेते. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ, आणि फक्त नवे-बदललेले तेवढे उतरते. या एका कामासाठी तरी प्रत्येक शाळेने, प्रत्येक ग्रामपंचायतीने ही ओळ लिहून ठेवावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोबोकॉपीची एक गंमत सांगतो. एखादी फाइल उघडता आली नाही तर ती तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? काही सांगितले नाही तर दहा लाख वेळा. हिशोब करा: एका अडलेल्या फाइलसाठी साडेअकरा महिने. म्हणून स्लॅश आर कोलन दोन आणि स्लॅश डब्ल्यू कोलन पाच हे आपणच घालायचे, म्हणजे दोनदा बघ, पाच सेकंद थांब, आणि पुढे चल. कमांड तुमचे शब्दशः ऐकते, आणि जे सांगितले नाही त्याबद्दल तिची स्वतःची मते असतात.

इथून धोक्याकडे वळू, कारण याच रोबोकॉपीला ‘स्लॅश एमआयआर’ असा एक शब्द जोडता येतो. एमआयआर म्हणजे मिरर, आरसा. उतरवायच्या जागी मूळ जागेची हुबेहूब प्रतिमा कर, असा त्याचा अर्थ. हुबेहूब म्हणजे मूळ जागी जे नाही ते दुसरीकडूनही पुसून टाक. आता कोणी घाईत ‘कुठून’ आणि ‘कुठे’ यांची अदलाबदल केली. नवी कोरी, रिकामी डिस्क आधी लिहिली आणि दहा वर्षांच्या फोटोंचा फोल्डर नंतर. कमांड काय करील? रिकाम्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा. फोटो गेले. ‘नक्की का?’ असे विचारणार नाही. रीसायकल बिनमध्येही जाणार नाहीत, कारण तो कचऱ्याचा डबा चित्रांच्या पडद्यापुरता आहे. ‘डेल’ आणि लिनक्सची ‘आरएम’ यांनाही तो माहीत नाही. माउसने पुसलेली फाइल बहुधा परत येते, कमांडने पुसलेली येत नाही, हा फरक तुमच्या चिठ्ठीवर लाल शाईने लिहा.

उपाय कमांडमध्येच आहेत, पण ते मागावे लागतात. रोबोकॉपीला नुसते ‘स्लॅश एल’ जोडले तर ती काहीच करत नाही, काय केले असते याची फक्त यादी देते. पॉवरशेलमध्ये बहुतेक बदल करणाऱ्या कमांडना ‘व्हॉटइफ’ जोडता येते. लिनक्सच्या आरसिंकमध्ये ‘ड्राय-रन’. पुसणारी किंवा हलवणारी कोणतीही कमांड आधी अशी कोरडी चालवावी, यादी मोठ्याने वाचावी, मग खरी चालवावी. घाईत असाल तर ते काम माउसने करा. यात कमीपणा काही नाही.

दुसरा धोका अलीकडचा आहे. कमांड लिहून पाठवता येते हा गुण आम्ही मघापासून गातो आहोत, तर चोरांनाही तो गुण कळतो. २०२४ पासून एक फसवणूक जगभर पसरली. एखाद्या वेबसाइटवर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. त्यात म्हणतात: विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तीन बटणे, काय बिघडते? पण त्या पानाने गुपचूप एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. पहिल्या बटणांनी कमांडची चौकट उघडते, दुसऱ्यांनी ती ओळ चिकटते, एंटरने चालते. आणि पासवर्ड चोरणारा कार्यक्रम तुम्ही स्वतःच्या हाताने आत घेता. कोणत्याही वेबसाइटला तुम्ही माणूस आहात हे कळण्यासाठी विंडोज-आर लागत नाही. बोट दाखवण्याच्या बाजूलाही चोर आहेतच. दूरून पडदा ताब्यात देणाऱ्या ॲपमधून बँक खाती रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच सावध केले होते. म्हणजे अमुक रीत सुरक्षित, तमुक धोक्याची, असे नाही. जी ओळ वाचून अर्थ कळत नाही ती चालवायची नाही आणि ज्याला ओळखत नाही त्याला पडदा द्यायचा नाही.

चित्रांच्या पडद्याची बाजू आता मांडतो, नाहीतर आम्ही काळ्या खिडकीचे वकील आहोत असे वाटेल. जे काम वर्षातून एकदा करायचे, त्याची कमांड लक्षात ठेवण्यात शहाणपण नाही. वायफायचे नाव निवडणे, नवा प्रिंटर जोडणे, पडद्याची अक्षरे मोठी करणे ही सगळी माउसची कामे. बेन श्नाइडरमन या अमेरिकी संशोधकाने या रीतीला ‘थेट हाताळणी’ असे नाव दिले: वस्तू डोळ्यांसमोर, कृती लगेच दिसते, चुकली तर लगेच मागे घेता येते. आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे, हे तर आपण बाजारातही अनुभवतो. रानभाजीचे नाव आठवत नाही, पण टोपलीत दिसली की हात बरोबर जातो.

आणखी एक. डिस्क कशाने भरली हे बघायचे असेल तर आम्ही स्वतः चित्रच बघतो. विनडिरस्टॅट नावाचे फुकट साधन डिस्कचा नकाशा काढून देते. प्रत्येक फाइल एक रंगीत चौकोन, जेवढी मोठी तेवढा मोठा. एका नजरेत कळते की निम्मी जागा कोणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओने खाल्ली आहे. कमांडने हीच माहिती हजार ओळींत मिळेल, पण ती नजर नाही मिळणार.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत तो येत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळू. टर्मिनलची रचना वहीच्या चौकटींसारखी आहे: एका चौकटीत एक अक्षर, सगळ्या चौकटी सारख्या रुंदीच्या. इंग्रजीला हे जमते. देवनागरीत ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण साठवली जाते नंतर, ‘र्क’चा रफार मागून डोक्यावर चढतो, ‘क्ष’ तीन खुणांचा मिळून एक होतो. बहुतेक टर्मिनलांत त्यामुळे मराठी फाटते. मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे. डॉसच्या काळात हाच प्रश्न होता आणि आपल्याच लोकांनी तो सोडवला होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्टचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या अक्षरी पडद्यावरही देवनागरी नीट दिसायची. नंतर खिडक्या आल्या, देवनागरी चित्रांच्या पडद्यावर सुखाने नांदू लागली, आणि काळ्या खिडकीतली मराठी मागेच राहिली. विंडोजचे मेनू मराठीत करता येतात. कमांड इंग्रजीतच. कोकणी, वारली बोलणाऱ्या घरातल्या मुलीला मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते. तिला ‘कमांड शिक, सोपी आहे’ म्हणताना आपण आणखी एका भाषेची पायरी तिच्यापुढे ठेवतो आहोत, हे विसरू नये.

तरी गंमत अशी, की मराठीचे एक मोठे काम कमांडशिवाय होत नाही. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, छापखान्यांत शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टांत टंकलेल्या हजारो फाइली पडल्या आहेत. फॉन्ट नसेल तर त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. त्या युनिकोडमध्ये आणल्या नाहीत तर काही वर्षांनी वाचताच येणार नाहीत. एक फाइल असेल तर एखाद्या वेबसाइटवर मजकूर चिकटवा, बदलून घ्या, संपले. चारशे फाइली असतील तर? चारशे वेळा उघडा, निवडा, चिकटवा, साठवा. तिसऱ्या दिवशी कोणती झाली आणि कोणती राहिली तेच कळेनासे होते. इथे लिब्रेऑफिसला कमांडने पडद्यामागे चालवून सगळ्या फाइलींचा मजकूर काढायचा आणि छोट्या प्रोग्रॅमने अक्षरे बदलायची. त्या प्रोग्रॅमला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात: जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी टंकलेली असते ती अक्षरानंतर न्यायची, आणि रफार नंतर टंकलेला असतो तो अक्षराआधी आणायचा. एकदा जमले की चारशे काय, चार हजारही तेवढ्याच कष्टात. पण बदललेला मजकूर बरोबर आहे की नाही, ते टर्मिनलमध्ये बघू नका. तिथे बरोबर असलेलेही फाटके दिसेल. ते मोठ्या अक्षरांत, चित्रांच्या पडद्यावर, मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचायचे. एकाच कामात दोन्ही रीती लागल्या, आणि कोणती कुठे हे कामानेच ठरवले.

दोघांच्या मधली एक वाट आहे आणि आम्हाला तीच सर्वांत आवडते. सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागली आहे आणि प्रिंटर अडकला. रांगेतली एक प्रिंट ‘डिलीटिंग’ म्हणत अडून बसली, ती रद्द होत नाही, दुसरी निघत नाही. मेकॅनिक जे दोन मिनिटांत करतो ते हेच असते: छपाईची सेवा बंद करणे, अडकलेल्या फाइली पुसणे, सेवा पुन्हा चालू करणे. ‘नेट स्टॉप स्पूलर’, मग विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचा फोल्डर असतो त्यातल्या फाइलींना ‘डेल’, मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’. या तीन ओळी नोटपॅडमध्ये लिहा, फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट बॅट द्या. आतल्या ओळी इंग्रजीतच ठेवा, पण फाइलला नाव मराठी द्या: ‘प्रिंटर मोकळा करा’. ती डेस्कटॉपवर ठेवा. उजवी टिचकी, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, झाले. रांगेतल्या सगळ्यांच्याच प्रिंट पुसल्या जातात, तेवढ्या पुन्हा द्याव्या लागतात. फाइल लिहिली जाणकाराने, तीही एकदाच. वापरते ती खुर्चीवर बसलेली ताई, तिला स्पूलर म्हणजे काय हे माहीत नसले तरी. आणि कधी माहीत करून घ्यावेसे वाटले, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून तीन ओळी वाचता येतात.

वेळ थोडा आहे, आलेल्या चिठ्ठ्यांमधल्या दोन घेतो.

प्रश्न: फाइलचे नाव मराठीत असेल तर काळ्या खिडकीत ते टंकायचे कसे? कीबोर्ड सारखा बदलावा लागतो.

टंकूच नका. आधी कमांड टंका, जागा सोडा, आणि फोल्डरातून ती फाइल माउसने ओढून काळ्या खिडकीवर सोडा. पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. नाव फाटके दिसले तरी घाबरू नका, संगणकाला ते बरोबरच पोचते. दुसरी रीत, सुरुवातीची दोन अक्षरे टंकून टॅब दाबा, उरलेले नाव तो भरतो.

प्रश्न: मग कमांडच मराठीत का करत नाहीत?

तुमच्यापुरत्या तुम्ही करू शकता. लिनक्सच्या बॅशमध्ये ‘एलियास’ म्हणून सोय आहे, एखाद्या कमांडला टोपणनाव द्यायची. एलियास, मग ‘यादी’ हा शब्द देवनागरीत, बरोबरची खूण, मग अवतरणात ‘एलएस’. आता तुम्ही ‘यादी’ टंकून एंटर मारले की फाइलींची यादी येते. पॉवरशेलमध्ये ‘सेट-एलियास’ने हेच होते. कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो एवढीच कटकट. आणि तुमचे टोपणनाव तुमच्याच संगणकापुरते. शेजारच्या संगणकावर बसलात तर तो ‘यादी’ला ओळखणार नाही. म्हणून मुलांना शिकवताना आम्ही सुरुवात टोपणनावांनी करून देतो, आणि ‘एलएस’ काय ते दुसऱ्या आठवड्यात सांगतो.